'स्टॅलाग' रिडिमवर स्वतःचं गाणं: काय ठेवायचं, काय बदलायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जमैकाच्या सिस्टर नॅन्सीचं 'बॅम बॅम' आणि टेनर सॉचं 'रिंग द अलार्म' ही दोन्ही गाणी 'स्टॅलाग' नावाच्या एकाच साथीवर, म्हणजे तिथल्या भाषेत 'रिडिम'वर, उभी आहेत, हे तुमच्या लक्षात आलं. त्याच साथीवर तुम्ही मराठी शब्द बसवले. कीबोर्डची रेगे स्टाइल लावली, डाव्या हाताने दोन कॉर्ड धरल्या, ढोलकी वाजवणारा मित्र ड्रम पॅडवर बसला आणि गाणं रेकॉर्ड करून तुम्ही इथे टाकलं. ऐकणारे म्हणतात, "कीबोर्डच्या डेमोसारखं वाटतंय." आता तुम्ही विचारताय की मूळ ट्रॅक इंटरनेटवरून उतरवून त्यावरच गावं, की सगळं नव्याने वाजवावं, आणि किती बदललं की ते गाणं आपलं म्हणता येईल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. बेस गिटार वाजवणारा माणूस आहे का? गाणं फक्त कार्यक्रमात वाजणार की स्ट्रीमिंगवरही चढवणार? ऐकणारे फोनवर ऐकणार की मोठ्या स्पीकरवर? हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून जिथे उत्तर बदलतं तिथे दोन्ही वाटा देतो. पण डेमोसारखं का वाटतं, याचं कारण मात्र तुमच्या वर्णनातच आहे. अरेंजर कीबोर्डवर (तयार साथ स्वतः वाजवणारा कीबोर्ड) रेगे स्टाइल लावली की बेस कीबोर्ड स्वतः बनवतो. तुम्ही धरलेल्या कॉर्डचा मूळ स्वर आणि पाचवा स्वर घेऊन तो आपल्या ठरलेल्या साच्यात वाजवत राहतो. म्हणजे तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये 'स्टॅलाग' वाजलेलंच नाही. दोन कॉर्ड तेवढ्या त्याच्या आहेत, आणि तशा दोन कॉर्डांवर रेगेतली शेकडो गाणी आहेत.

रिडिमची ओळख बेसमध्ये असते. कोणते स्वर, ते कुठे सुरू होतात आणि, सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते, कुठे थांबतात. त्याखालोखाल ड्रम. ऑर्गन, ब्रास (ट्रम्पेटसारखी फुंकवाद्यं), गिटार हे अंगावरचे कपडे. गायकागणिक बदलत आले.

'स्टॅलाग'चाच प्रवास बघा. १९७३ साली ॲन्सेल कॉलिन्स या कीबोर्डवादकाने 'स्टॅलाग १७' हा वाद्यसंगीताचा तुकडा केला. निर्माता विन्स्टन रायली, लेबल त्याचंच, 'टेक्निक्स'. नाव १९५३ च्या एका युद्धपटावरून उचललेलं. ही जोडी तेव्हा नवखी नव्हती. १९७१ साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं 'डबल बॅरल' रायलीच्याच निर्मितीतलं आणि कीबोर्डवर कॉलिन्सच. 'स्टॅलाग १७' मध्ये शब्द नाहीत, ऑर्गन हाच गायक. सत्तरच्या दशकातच बिग यूथने त्यावर 'ऑल नेशन्स बाऊ' केलं. दशक सरता सरता जनरल एकोचं 'आर्लीन' आलं आणि जमैकात तुफान चाललं. १९८२ साली 'वन, टू' या अल्बमसाठी सिस्टर नॅन्सीने 'बॅम बॅम' म्हटलं. त्यातला 'बॅम बॅम' हा पुकारा आणखी जुना आहे. मेटल्सच्या त्याच नावाच्या गाण्याने १९६६ साली जमैकाची फेस्टिव्हल गीतस्पर्धा जिंकली होती. १९८५ मध्ये टेनर सॉ आला. पुढे लॉरिन हिलने १९९८ मध्ये नॅन्सीची ओळ आपल्या गाण्यात गुंफली, २०१६ मध्ये कान्ये वेस्टने तिचा आवाजच उचलला.

या यादीतून तुमच्या कामाचं एवढंच की ज्याने त्याने काय बदललं आणि काय राहू दिलं. एको आणि नॅन्सी हे डीजे, म्हणजे तालात बोलणारे. त्यांना चाल फारशी लागत नाही, शब्दांचा ठेका लागतो. म्हणून साथ जितकी मोकळी तितकं बरं. टेनर सॉ गायक होता. त्याने मोजक्या स्वरांत फिरणारी, शोक केल्यासारखी चाल लावली आणि तीच साथ एकदम गंभीर वाटायला लागली. नॅन्सी ऐकून झाल्यावर लगेच टेनर सॉ ऐका. खालचा बेस ओळखीचा आहे, आणि तरी गाण्याची जात पूर्ण वेगळी. 'आपलं' होणं म्हणजे हे. साथीत टक्केवारीने किती फेरफार केला याने ते ठरत नाही.

जमैकात ही पद्धत रुजण्यामागे कलेइतकाच पैसा आहे. स्टुडिओचे तास आणि वादकांची बिदागी महाग. एकदा चांगली साथ टेपवर आली की निर्माता तिच्यावर एकामागून एक गायक उभा करायचा. साठच्या दशकाच्या शेवटी गाण्याचे शब्द काढून नुसती साथ डान्समध्ये वाजवायची प्रथा सुरू झाली, लोकांना ती आवडली, आणि रेकॉर्डच्या मागच्या बाजूला तीच साथ 'व्हर्जन' म्हणून यायला लागली. १९७४ मध्ये रुपी एडवर्ड्सने तर एकाच रिडिमवरची गाणी भरून 'यामाहा स्कँक' हा आख्खा अल्बम काढला. त्यामुळे 'एकाच साथीवर इतके जण गातात, ही चोरी नाही का' ही जी शंका तुम्ही कंसात टाकली आहे, तिचं तिथलं उत्तर असं की साथ निर्मात्याची, गाणं गायकाचं, आणि श्रोत्यांना तुलना करण्यातच मजा. हक्कांचा कागदोपत्री हिशेब वेगळा आहे, त्यावर शेवटी येतो.

आता 'प्रोग्रॅम केलं म्हणून खोटं वाटतं' या तुमच्या अंदाजाबद्दल. 'रिंग द अलार्म' ज्या वर्षी आलं त्याच १९८५ साली जमैकाचं संगीत ज्या रिडिमने उलटंपालटं केलं, तो 'स्लेंग टेंग', कीबोर्डच्या तयार स्टाइलमधूनच आलेला आहे. कॅसिओचा एमटी-४०, १९८१ चं मॉडेल, बारक्या कळांचं घरगुती वाद्य. ताल निवडायची पट्टी 'रॉक'वर ठेवायची, 'सिंक्रो' दाबायचं आणि बेसच्या कळांमधली डी दाबायची, की ती साथ सुरू. ती स्टाइल हिरोको ओकुदा या कंपनीत नव्यानेच लागलेल्या संगीत पदवीधर तरुणीने बनवली होती. नोएल डेव्ही आणि वेन स्मिथ यांना ती सापडली, त्यांनी ती लॉइड जेम्स ऊर्फ किंग जॅमीकडे नेली, आणि जॅमीने काय केलं? वेग उतरवला, पियानो चढवला, आणि तो बेस जसाच्या तसा पकडून ठेवला. त्यावर वेन स्मिथपाठोपाठ गायकांची रांग लागली. यंत्र तुमच्याकडेही आहे आणि त्यांच्याकडेही होतं. त्यांनी स्टाइलमधला बेस हाच रिडिम मानला. तुम्ही दुसऱ्या रिडिमच्या कॉर्ड स्टाइलला खाऊ घातल्या.

तर कीबोर्डची ऑटो साथ बंद करा आणि बेसपासून सुरुवात करा. मी कुठलाही जुना रिडिम नव्याने बसवताना पहिल्या दिवशी बेस आणि ड्रम सोडून दुसऱ्या वाद्याला हात लावत नाही. ते दोन मिनिटं कंटाळा न येता ऐकवलं तर पुढे जायचं.

बेस उतरवून घ्यायची रीत: मूळ रेकॉर्ड सॉफ्टवेअरमध्ये घ्या, स्वर न बदलता वेग ७५ टक्क्यांवर आणा आणि २५० हर्ट्झच्या वरचं सगळं फिल्टरने कापा. राहील तो बेस आणि किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम. वाद्य हातात घेण्याआधी तो तोंडाने म्हणा. मग कागदावर एका बारचे, म्हणजे चार मात्रांच्या एका फेरीचे, सोळा चौकोन काढा, आणि प्रत्येक स्वर कुठल्या चौकोनात सुरू होतो आणि कुठल्या चौकोनात संपतो, दोन्ही लिहा. दुसरी नोंद बहुतेक जण करतच नाहीत. कीबोर्डवर वाजवलेला बेस हटकून पुढच्या स्वरापर्यंत लांबतो, कारण बोट कळीवरून उचलायची घाई नसते. मग मधल्या मोकळ्या जागा भरून जातात, गिटारच्या ठोक्याला उभं राहायला जागा उरत नाही आणि सगळं मचमचीत होतं. एमआयडीआयमध्ये (वाजवलेल्या स्वरांची संगणकातली नोंद) असेल तर आधी सगळे स्वर त्यांच्या लांबीच्या ७० टक्क्यांवर आणून ऐका, आणि मग एकेक स्वर कानाने लांब-आखूड करा.

जुन्या रेकॉर्डचा सूर कीबोर्डशी बरोबर जुळेलच असं नाही. टेपचा आणि तबकडीचा वेग थोडा हलला की सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये पडतो. त्याच्यामागे लागू नका. पट्टी तुमच्या गायकाच्या गळ्याप्रमाणे घ्या, फक्त बेसचा मुख्य खालचा स्वर कुठे पडतो ते पाहा. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची मोकळी तार म्हणजे ई, ४१ हर्ट्झ. तिथे मुख्य स्वर आला तर मोठ्या स्पीकरवर भिंती हलतील आणि फोनवर काहीच ऐकू येणार नाही. ए म्हणजे ५५ आणि सी म्हणजे ६५ हर्ट्झ. या टापूत मुख्य स्वर असला की दोन्हीकडे निभावतं.

खरा बेस गिटार मिळाला तर उत्तम. टोनचा खटका पूर्ण बंद, बोट ब्रिजकडे न वाजवता मानेच्या टोकाशी, आणि ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा दाबून बसवायचा. गुळगुळीत वळणाच्या तारा असतील तर आणखी चांगलं, पण जुन्या, झिजलेल्या साध्या तारांवरही काम होतं. कोऱ्या करकरीत तारा मात्र नकोत, त्यांचा खणखणाट या संगीतात परका वाटतो. गिटार नसेल तर साध्या साइन किंवा ट्रँगल लहरीचा सिंथ बेस घ्या. 'स्लॅप' किंवा 'पिक' नावाचे तयार आवाज टाळा.

आता वेग आणि मोजणी, कारण तुमच्या ढोलकीवाल्या मित्राचा घोळ इथेच आहे. 'स्टॅलाग'ची रूपं साधारण ७५ ते ८० च्या वेगात बसतात, पण बरीच सॉफ्टवेअर तोच वेग दुप्पट, म्हणजे १५०-१६० दाखवतात. दोन्ही बरोबर आहेत, फक्त सगळ्यांनी एकच मोजणी धरायला हवी. ७६ ने मोजलं तर गिटारचा ठोका प्रत्येक मात्रेच्या मधोमध, 'एक आणि दोन आणि' यातल्या 'आणि'वर पडतो, आणि वन ड्रॉप या रेगेच्या तालात किक आणि रिमशॉट (स्नेअर ड्रमच्या कडेवरचा काठीचा ठोका) दोन्ही मिळून दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतात. १५२ ने मोजलं तर गिटार दोन-चारवर आणि किक तीनवर. एकाने ७६ धरलं आणि दुसऱ्याने १५२, की तालमीत भांडण ठरलेलं.

वन ड्रॉपमध्ये पहिल्या मात्रेवर किक नसते. आपल्याकडे केरवा काय, भजनी ठेका काय, समेवर ठोका पडल्याशिवाय चैन पडत नाही. ढोलकीवाल्याचा हात नकळत समेवर जातो, आणि तिथे एक किक पडली की रेगेची चाल जाऊन लावणी आणि डिस्को यांच्या मधलं काहीतरी उरतं. त्याला समजावून सांगण्यापेक्षा पॅडवरची किक आणि रिम एकाच पॅडला जोडून द्या आणि सम तोंडाने 'एक' म्हणत मोकळी सोडायला लावा. सम असतेच, सगळे ती धरून असतात. ड्रमर ती वाजवत नाही एवढंच. प्रत्येक 'स्टॅलाग' वन ड्रॉपमध्येच हवा असा नियम मात्र नाही. तुमचं गाणं नाचायचं असेल तर प्रत्येक मात्रेवर किक, म्हणजे स्टेपर्स, चालेल. मी आधी वन ड्रॉप करून बघतो, कारण त्यात बेसची चूक लगेच उघडी पडते. स्टेपर्स चुका झाकतो.

प्रोग्रॅम करताना आवाज निवडण्यात एक साधी चूक होते. जनरल एमआयडीआयमध्ये ३८ हा भरदार स्नेअर आहे. आपल्याला हवा आहे तो ३७, काठीचा रिमवरचा 'टक्'. किक ३६, बंद हाय-हॅट ४२. ७६ च्या मोजणीत हाय-हॅट प्रत्येक मात्रेला दोनदा, एक जोरात आणि एक हळू, साधारण ९५ आणि ६५ च्या जोरावर. सोळाव्या भागांचे ठोके घातलेत तर स्विंग (दर दुसरा ठोका किंचित उशिरा) ५४ ते ५८ टक्के ठेवा. सगळं ग्रिडला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मोजलेल्या चौकोनांना, घट्ट चिकटवलं की मेलं. पण उपाय म्हणून सगळीकडे रँडम हलवाहलव करू नका, ते दारू प्यायल्यासारखं वाटतं. किक-रिम ग्रिडवर राहू द्या, बेस ५ ते १५ मिलिसेकंद मागे ओढा, गिटार ग्रिडवरच ठेवा. मागे रेलून चालल्याचा जो भास असतो तो यातून येतो.

गिटारचा ठोका म्हणजे स्कँक. वरच्या तीनच तारा, खालच्या दिशेने फटका, आणि लगेच डाव्या हाताची पकड सैल करून आवाज मारायचा. ७६ च्या वेगात मात्रेचा अर्धा भाग जवळपास ३९५ मिलिसेकंदांचा असतो. स्कँक त्यातले ८० ते १२० मिलिसेकंदच वाजायला हवा. २५० हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, नाहीतर बेसशी टक्कर होते. गिटार नसेल तर पियानोच्या आवाजात तीच कॉर्ड, मधल्या सी च्या वरच्या टप्प्यात, तितकीच तोडून.

ऑर्गनचा 'बबल', म्हणजे दोन्ही हातांनी आलटून पालटून तोडून वाजवलेल्या कॉर्ड, थोडा सरावाचा आहे. मात्रेचे चार भाग धरा: उजवा हात तिसऱ्या भागावर, म्हणजे स्कँकच्या बरोबर, डावा हात दुसऱ्या आणि चौथ्या भागावर. पहिला भाग रिकामा. आवाज मऊ, घुमा, लेस्ली (ऑर्गनचा फिरता स्पीकर) सावकाश फिरणारी, आणि मिक्समध्ये इतका खाली की बंद केल्यावर कळावं आणि चालू असताना कळू नये. अनेकांचं मिक्स इथे बिघडतं: कष्टाने शिकलेला बबल सगळ्यांना ऐकवायचा मोह आवरत नाही.

आतापर्यंतचं गोळा करतो. ऑटो साथ बंद, बेसचा प्रत्येक स्वर कुठे संपतो ते ठरवलेलं, सम मोकळी, रिमचा आवाज योग्य, स्कँक तोडलेला, बबल दबलेला. एवढ्यावर तुमचा 'स्टॅलाग' ओळखू यायला हवा. आला नाही तर मागे बेसकडे जा, पुढे वाद्यं वाढवू नका.

ब्रासची ओळखीची ओळ घ्यावी का, हा आवडीचा प्रश्न. माझं मत: कीबोर्डमधला ब्रास वापरणार असाल तर अजिबात घेऊ नका, तो हमखास लग्नाच्या मिरवणुकीत नेऊन सोडतो. तीच ओळ मेलोडिकावर (फुंकून वाजवायचा छोटा कीबोर्ड), बासरीवर किंवा हार्मोनियमवर घ्या, किंवा दोन माणसांनी तोंडाने गा. हार्मोनियमची पट्टी आधी तपासा, जुन्या पेटीचा सूर ४४० ला असतोच असं नाही. ढोलकी घालायची असेल तर तिची जाड आवाजाची बाजू बंद ठेवा, ती थेट बेसच्या टापूत येते. चाटीची बाजू चार बारमध्ये एकदा, शेवटच्या दोन मात्रांत, पुढच्या बारात ढकलण्यापुरती. सतत वाजली तर स्कँकची जागा खाते.

मराठी शब्दांबद्दल. ७६ च्या वेगात चार मात्रांचा एक बार ३.१६ सेकंदांचा. गायचं असेल तर त्यात पाच-सात अक्षरं पुरतात, तालात बोलायचं असेल तर आठ ते बारा. तुमच्या ओळी त्याहून बऱ्याच लांब आहेत, म्हणून गाताना धाप लागल्यासारखं वाटतं. दुसरं, तुमची प्रत्येक ओळ समेवर सुरू होते. ड्रमरने मोकळी सोडलेली जागा गायकाने भरून टाकली, मग उपयोग काय? ओळ समेनंतर अर्ध्या मात्रेने उचला आणि महत्त्वाचा शब्द किकवर, म्हणजे दुसऱ्या किंवा चौथ्या मात्रेवर टाका. ओळीच्या शेवटी 'वाट', 'रात', 'दार' असे व्यंजनात तुटणारे शब्द आले तर मागे शांतता मिळते आणि इको छान पडतो. 'झाला', 'गेली' असे दीर्घ स्वरांत संपणारे शब्द गायक ओढत नेतो आणि पुढची मोकळी जागा जाते. ते टाळता येत नसतील तर निदान ओढू नका. चाल सुचताना 'बॅम बॅम'च्या पुकाऱ्याकडे घसरायला होतं. तो ठेवलात तर लोकांना तुमचं गाणं नॅन्सीच्या गाण्याची नक्कल वाटेल, साथ कितीही वेगळी असो.

मिक्समध्ये क्रम उलटा ठेवा: आवाज शेवटी, बेस आधी. बेस मोनो, ३५ हर्ट्झच्या खाली कापलेला, कॉम्प्रेशन (जोरातले आवाज दाबणं) ४:१ च्या आसपास, काटा ३ ते ६ डेसिबलच हलू द्या. फोनवर ऐकणारे जास्त असतील तर हलकं सॅच्युरेशन (आवाजाला किंचित खरखर) द्या, म्हणजे ११० ते २०० हर्ट्झच्या टापूत त्याची सावली तयार होते आणि छोट्या स्पीकरवरही चाल कळते. मोठ्या साउंड सिस्टिमवर, गोव्यातल्या एखाद्या रेगे कार्यक्रमात वगैरे, वाजणार असेल तर हे सॅच्युरेशन नसलेला वेगळा मिक्स काढा. किकला ६० आणि बेसला ८०-९० हर्ट्झला थोडी उचल, किंवा उलट. दोघांनाही एकाच ठिकाणी दिलीत तर दोघंही गढूळ होतात.

इकोची वेळ मोजून लावा. ७६ च्या वेगात एक मात्रा ७८९ मिलिसेकंदांची, पाऊण मात्रा ५९२ ची. पाऊण मात्रेचा डिले रिमशॉटवर आणि ओळीच्या शेवटच्या शब्दावर, तोही अधूनमधून. डिलेच्या परत येणाऱ्या आवाजात ३०० च्या खालचं आणि ३,००० च्या वरचं कापलं की तो मागे जाऊन बसतो. गाण्यात निदान दोनदा बेस आणि ड्रम सोडून सगळं काढून टाका, आणि एकदा बेसही काढा. किंग टबी या जमैकन ध्वनितंत्रज्ञाने डबमध्ये, म्हणजे गाणं मोडून केलेल्या नव्या मिक्समध्ये, जे केलं त्याचा गाभा हाच, वाद्य काढून घेणं; त्याच्या मिक्सरवरचा खालचे आवाज कापणारा फिल्टर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. कुणीही गायला लागण्याआधी आठ बार नुसती साथ जाऊ द्या, ऐकणाऱ्याला रिडिम ओळखायला तेवढा वेळ द्यावा लागतो.

आता हक्क. मी वकील नाही, पण काम करताना या गोष्टी पाळाव्या लागतात. इथे दोन वेगळ्या मालमत्ता आहेत: एक रेकॉर्डिंग, दुसरी रचना. इंटरनेटवरून ट्रॅक उतरवून त्यावर गायलात तर दोन्हींना हात लागतो, आणि चढवल्या दिवशीच यंत्रणा तो ओळखून गाणं अडवते किंवा कमाई दुसऱ्याकडे वळवते. शिवाय ध्वनीच्या दृष्टीनेही ते वाईट: बेस वर करायचा तर सगळंच वर होतं. सगळं नव्याने वाजवलंत तर रेकॉर्डिंगचा प्रश्न मिटतो, रचनेचा राहतो. 'जुनं आहे, मुदत संपली असेल' हा भ्रम आहे. जमैकाने २०१५ मध्ये मुदत ५० वरून ९५ वर्षांवर नेली आहे. भारतात संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो.

भारतीय कॉपीराइट कायद्यात कव्हरसाठी (दुसऱ्याचं गाणं नव्याने रेकॉर्ड करण्यासाठी) कलम ३१ सी आहे: मूळ ध्वनिमुद्रण झालं त्या वर्षानंतर पाच वर्षं उलटलेली हवीत, आगाऊ नोटीस द्यायची, रॉयल्टी आधी भरायची, आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींचा हिशेब धरायचा. पण ते मूळ शब्द-सुरांत फेरफार करू देत नाही. तुम्ही नवे शब्द घातलेत, म्हणून ही वाट तुम्हाला बंद आहे. थेट प्रकाशकाची, म्हणजे रचनेचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीची, परवानगी हवी. रचनाकार आणि प्रकाशक शोधायला अमेरिकेतल्या ॲस्कॅप आणि बीएमआय या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थांचा 'साँगव्ह्यू' हा सामायिक शोध फुकट आहे. गाण्याचं नाव आणि कॉलिन्स किंवा रायली टाकून बघा, मग तिथे दिसणाऱ्या प्रकाशकाला शब्दांच्या इंग्रजी भाषांतरासह पत्र लिहा. नुसतं कार्यक्रमात वाजवायचं असेल तर आयोजकाकडे आयपीआरएस या भारतातल्या तशाच हक्कसंस्थेचा परवाना आहे का एवढं विचारून घ्या.

कागद आधी करायचा याचं उदाहरण याच रिडिममध्ये आहे. सिस्टर नॅन्सीला 'बॅम बॅम'चे पैसे मिळायला तीस वर्षांहून जास्त काळ लागला. ती तेव्हा अमेरिकेत बँकेत नोकरी करत होती, आणि २०१४ च्या सुमारास एका जाहिरातीत आपलं गाणं ऐकून तिने वकील गाठला. तुमच्या बँडमध्येही शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती हे आत्ताच एका पानावर लिहून सह्या करा.

परवानगी मिळेपर्यंत थांबायचं नसेल तर दुसरी वाट आहे आणि ती कमी प्रतीची नाही. दोन कॉर्ड, वन ड्रॉप, स्कँक, बबल यांवर कुणाची मालकी नाही. वर सांगितलं तसंच सगळं करा, फक्त बेसची ओळ आणि ब्रासची ओळ स्वतःची बांधा. मात्र बेसचे एकदोन स्वर इकडेतिकडे करून 'नवीन' म्हणू नका. ऐकणाऱ्याला 'स्टॅलाग' ओळखू येत असेल तर प्रकाशकालाही येईल.

पुढच्या वेळी आख्खं गाणं टाकू नका. ७६ च्या वेगात फक्त बेस आणि ड्रम, सोळा बार, कुठलाही इफेक्ट न लावता, आणि बेसची एमआयडीआय फाइल असेल तर तीही. स्वर कुठे लांबतायत ते त्यातून सांगता येईल.